मान वाकडी करून बघणारी मुलगी: अंधशाळेच्या आधी बाकाची जागा बघा

निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका सरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चौथीच्या वर्गात यंदा एक मुलगी नव्याने आली आहे. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरट. डोळे सतत हलत असतात. मान वाकडी करून बघते, पुस्तक नाकाला लावून वाचते. फळ्यावरचं उतरवत नाही, पण शेजारणीची वही मिळाली की सगळं उतरवून काढते. चष्मा आहे, पण त्याचा उपयोग दिसत नाही. मान सरळ ठेव म्हणून कितीदा सांगितलं, ऐकत नाही. मुख्याध्यापकांचं म्हणणं, आपल्याकडे सोय नाही, पालकांना अंधशाळा सुचवा. सर विचारतात, तिला कुठे पाठवू?

सर, मी नाशिक जिल्ह्यातल्या शाळांमध्ये विशेष शिक्षिका म्हणून काम करते आणि अल्पदृष्टी असलेली मुलं हाच माझा मुख्य विषय. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा अल्बिनिझम वाटतो, म्हणजे शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मापासूनच फार कमी किंवा अजिबात तयार न होणं. नक्की काय ते नेत्रतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञच सांगतील, आणि झालं नसेल तर ते निदान करून घ्याच. पुढचं सगळं मी तसं धरून लिहिते आहे.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. शेजारणीची वही वाचून जी मुलगी सगळं उतरवते, ती आंधळी नाही, अभ्यासात कच्ची नाही, आणि आळशी तर मुळीच नाही. तिला फळा दिसत नाही, एवढंच. तेव्हा तिला कुठे पाठवायचं हे थोडं बाजूला ठेवू. फळ्यावरचं तिच्यापर्यंत कसं पोचवायचं आणि तिला उन्हापासून कसं वाचवायचं, हे आधी बघायला हवं. त्यातलं बरंचसं तुमच्या वर्गात, तुमच्या हातात आहे.

सुरुवात मानेपासून करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतो. डोळ्यांच्या या हलण्याला निस्टॅग्मस म्हणतात. ते तिच्या ताब्यात नसतं. पण बहुतेक मुलांच्या बाबतीत नजरेचा एखादा कोन असा असतो, की त्या कोनात डोळे ठेवले की हलणं सगळ्यात कमी होतं आणि त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं. मूल हा कोन स्वतःच शोधून काढतं, कुणी शिकवावं लागत नाही. मान वाकडी दिसते ती त्यामुळे. तिला सरळ बस म्हणणं म्हणजे दिसतंय तेवढंही बघू नको म्हणणं झालं.

सिन्नरकडच्या एका शाळेत मी हे वर्गातच करून दाखवलं होतं. मुलाला फळ्यावरची एक ओळ वाचायला दिली. त्याने हनुवटी खांद्याकडे वळवली आणि सावकाश, पण न अडखळता ओळ वाचली. मग बाईंना म्हटलं, त्याची हनुवटी धरून चेहरा फळ्यासमोर सरळ करा. दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या शब्दाला गाडी अडकली आणि डोळ्यांची हालचाल लांबूनही दिसण्याइतकी वाढली. बाईंनी हात काढला तशी हनुवटी पुन्हा खांद्याकडे गेली आणि वाचन पुढे सुरू झालं. त्या दिवसानंतर त्या वर्गात ‘मान सरळ’ बंद झालं. तुम्हीही करून बघा, मात्र एकदाच, तिला विचारून, आणि सगळ्या वर्गासमोर नको.

यातून बाकाची जागा ठरते. ती चेहरा डावीकडे वळवून डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यातून बघत असेल, तर तिला वर्गाच्या डाव्या बाजूला बसवा. तिथून फळा तिच्या उजव्या हाताला येतो, मग मान फारशी न वळवता तिला आपला कोन मिळतो. उलट असेल तर उजवीकडे. पुढच्या रांगेत हे उघडच आहे. पण ‘पुढे बसवली तरी तेच’ असं जे ऐकू येतं, त्यात पुष्कळदा बाजू चुकलेली असते, नाहीतर समोर खिडकी असते. खिडकी, दार, पत्र्यावरून येणारी तिरीप तिच्या पाठीमागे हवी. तिच्या बुबुळातून आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यातून उजेड आरपार पसरतो, म्हणून समोरून उजेड आला की सगळंच पांढरं होतं. खोली अंधारी करायची गरज नाही, वाचायला तिलाही उजेड लागतो. फक्त तो डोळ्यांत न येता वहीवर पडावा. बाजू आणि खिडकी यांचा मेळ बसत नसेल, तर मी खिडकीला जास्त महत्त्व देते. मान वळवून काम निभावता येतं, डोळे दिपले तर काहीच करता येत नाही.

आता चष्म्याचं. तुमची तक्रार खरी आहे, आणि चष्मा बिनकामाचा आहे असंही नाही. अल्बिनिझममध्ये डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग, ज्याने आपण बारीक बघतो, तो पुरता घडलेलाच नसतो. प्रोजेक्टर कितीही नीट फोकस केला तरी पडदाच गोणपाटाचा असेल, तर अक्षर जेवढं उठायचं तेवढंच उठणार. चष्म्याने फोकस सुधारतो, आणि या मुलांना नंबरही बऱ्यापैकी असतो, म्हणून चष्मा घालायलाच हवा. पण तो घालून नजर ६/६ होणार नाही. साधारण ६/१८ ते ६/६०, काही मुलांची त्याहूनही कमी, अशी ती राहते. ६/६० म्हणजे इतरांना साठ मीटरवरून जे वाचता येतं, ते हिला सहा मीटरवर यावं लागतं. चांगली गोष्ट ही, की ही नजर सहसा वयाबरोबर खालावत जात नाही. आणि डोळे हलतात म्हणून तिला जगही हलताना दिसतं असं नाही, मेंदूने ते जन्मापासून जुळवून घेतलेलं असतं. दमली, घाबरली, उभं करून वाचायला लावलं, की हालचाल वाढते आणि त्याच वेळी कमी दिसतं. तोंडी परीक्षेत ‘घरी येतं आणि इथे येत नाही’ असं होतं त्यात याचाही वाटा असतो.

पुस्तक नाकाला लावू द्या. अंतर निम्मं केलं की अक्षर दुप्पट मोठं दिसतं. फुकटचं भिंग आहे ते, आणि त्याने डोळे खराब होत नाहीत. फक्त दिवसभर वाकून मान आणि पाठ दुखते. त्यासाठी जुन्या पेढ्यांवर हिशेबाला असायचं तसं उतरतं मेज गावातल्या सुताराकडून करून घ्या. फळीला मागून दोन पाचर लावल्या तरी चालतं. वही तिच्याकडे येते, तिला वहीकडे जावं लागत नाही.

फळ्यासाठी दोन सवयी लावून घ्या. फळा ओल्या फडक्याने पुसायचा, कारण डस्टरने राहिलेल्या करड्या धुरकटीवर पांढरा खडू तिच्यासाठी असून नसल्यासारखा. आणि लिहिताना तोंडाने म्हणत लिहायचं. ‘हे इथून इकडे नेलं’ असं न म्हणता ‘सत्तेचाळीसमधले चार हातचे’ असं. बाकी वर्गालाही याचा फायदाच होतो. शाळेत डिजिटल पॅनल किंवा टॅब असेल तर काळ्यावर पांढरी अक्षरं करून ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्या टॅबवर हव्या तेवढ्या मोठ्या करता येतात. समग्र शिक्षामधून मोठ्या अक्षरांची पाठ्यपुस्तकंही येतात, मागणी जरूर नोंदवा. पण ती इतकी जाडजूड असतात की काही मुलं दप्तरातून काढतच नाहीत आणि साधं पुस्तकच जवळ धरतात. तिला जे सोयीचं वाटेल ते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तास संपताना तुमच्या मोबाईलवर फळ्याचा फोटो काढून तिला वाचायला देणं. दुर्बिणीसारखं एका डोळ्याला लावायचं मोनोक्युलरही मिळतं, त्यातून ती जागेवरूनच फळा वाचू शकेल. चौथीतल्या मुलीला त्याची मजा वाटते. आठवीतली मुलगी लोक बघतात म्हणून ते दप्तरात लपवते, तेव्हा हातात द्यायचं तर आत्ताच.

भाषा शिकवणाऱ्याने एक गोष्ट मुद्दाम बघावी. आपल्या लिपीत निम्मा अर्थ ओळीच्या वर आणि खाली असतो. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, उकार. तिच्या वहीत नेमकं तेच गळतं. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, गणितात दशांशचिन्ह उडून जातं. शुद्धलेखन कच्चं म्हणून लाल शाई चालवण्याआधी तिला तोच मजकूर एकदा श्रुतलेखनाने घाला. ऐकून बरोबर लिहिते आणि बघून चुकते, तर दोष नजरेचा. दोन्हीकडे सारख्याच चुका असतील, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता वेगळी तपासावी लागेल. अल्बिनिझमचा बुद्धीशी संबंध नाही, पण एका मुलाला दोन अडचणी असूच शकतात. ठळक, गडद रेघांची वही आणि काळं जाड पेन द्या. फिकट निळ्या रेघा तिला दिसत नाहीत, मग अक्षर तिरकं जातं आणि ‘अक्षर घाणेरडं’ हा शेरा मिळतो.

ऊन हा वेगळा विषय, आणि याबाबत मी थोडी कडक आहे. तिच्या त्वचेत संरक्षण जवळपास नाही. भाजणं, फोड येणं हे आजचं दुखणं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर मोठेपणी त्वचेच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायघोळ सलवार, गडद काचांचा चष्मा. गणवेशात बसत नाही म्हणून टोपी काढायला लावू नका, गरज पडली तर वर्गातही घालू द्या. एसपीएफ तीस किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन उघड्या भागावर लावावं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं असं डॉक्टर सांगतात. पण मजुरी करणाऱ्या घराला ते बारा महिने परवडत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी कपडे आणि सावली यांच्यावरच भर देते. क्रीम मिळालं तर चेहरा, कान आणि मानेचा मागचा भाग.

शाळेत ऊन कुठे लागतं ते बघा. मैदानावरचा परिपाठ, पंधरा ऑगस्ट-सव्वीस जानेवारीची कवायत, क्रीडा स्पर्धा. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत अख्खे वर्ग बाहेर कोवळ्या उन्हात बसवले जातात. बाकीच्यांना ऊब मिळते, आणि हिला समोरचं पान कोऱ्या कागदासारखं दिसतं. तिला झाडाच्या सावलीत, उन्हाकडे पाठ करून बसवा, सोबत दोन मैत्रिणी. एकटी नको. आणि पालकांना द्राक्षांच्या हंगामाबद्दल विचारा. आईवडील बागेत कामाला जात असतील आणि सुट्टीच्या दिवशी हीपण सोबत जात असेल, तर शाळेपेक्षा तिथलं ऊन जास्त. मांडवाखाली सावली आहे असं वाटतं, पण ती जाळीदार असते.

खेळातून वगळू नका. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली जोखण्याची क्षमता या मुलांमध्ये कमी असते, म्हणून हवेतला चेंडू झेलणं अवघड जातं आणि पायरीची कड चुकते. लंगडी, दोरीउड्या, सावलीतला खो-खो खुशाल चालेल. शाळेच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारा, एका रविवारचं काम आहे. आणखी एक. ती लांबून चेहरे ओळखत नाही. तुम्ही बाजारात दिसलात आणि तिने नमस्कार केला नाही, तर तो शिष्टपणा समजू नका. मुलांनाही सांगा, हाक मारताना स्वतःचं नाव घ्यायचं. ‘ती आमच्याकडे बघून हसत नाही’ एवढ्यावरून या मुलींच्या मैत्री तुटलेल्या मी पाहिल्यात.

मुलं तिला ‘इंग्रज’, ‘म्हातारी’ म्हणत असणार. तिला समोर उभं करून व्याख्यान देऊ नका. आधी तिला आणि आईला विचारा, चालेल म्हणाल्या तर ती वर्गात असताना किंवा नसताना, जसं त्यांना हवं तसं, पाच मिनिटांत सांगा: आपल्या सगळ्यांच्या अंगात रंग बनवणारं एक द्रव्य असतं, तिच्या अंगात ते बनत नाही, हे कोड नाही, लागत नाही, शेजारी बसून डबा खायला हरकत नाही. मुलांना तेवढं पुरतं. मोठ्यांचं अवघड असतं. ग्रहण पाळलं नाही, दूध आणि मासे एकत्र खाल्ले, म्हणून आईला बोल लावणारी घरं आजही आहेत. पालकांशी बोलताना हे स्पष्ट करा, शक्यतो वडील आणि आजी समोर असताना. बहुतेक प्रकारांमध्ये आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं, दोघंही दिसायला सर्वसाधारण असतात, आणि प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्नासारख्या नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हे होतं. एकट्या आईचा दोष यात कुठेच बसत नाही.

तब्येतीबद्दल एक सूचना. सहज काळेनिळे डाग पडणं, नाकातून रक्त आलं की लवकर न थांबणं, वारंवार मोठे जंतुसंसर्ग, यातलं काही दिसलं तर पालकांना डॉक्टरांकडे पाठवा. अल्बिनिझमचे काही विरळ प्रकार रक्ताच्या किंवा प्रतिकारशक्तीच्या दोषासोबत येतात. दात काढण्यापूर्वी तर हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

आता कागदपत्रं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यांत अल्बिनिझम वेगळा नाही. प्रमाणपत्र मिळतं ते अल्पदृष्टीखाली, आणि टक्केवारी चष्मा लावून दोन्ही डोळ्यांच्या राहिलेल्या नजरेवर ठरते. म्हणून सारखीच दिसणारी दोन मुलं, एकाला चाळीस टक्क्यांच्या वर मिळतात, दुसऱ्याला नाही. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा आणि तपासणीला नाशिकच्या सिव्हिलला जायचं. एका फेरीत काम होईल असं पालकांना सांगू नका, बुडणाऱ्या रोजाचा हिशेब त्यांना आधीच धरू द्या. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, तिची नोंद झाली आहे का बघा, आणि निफाडच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. साधनं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, भत्ते हे त्यांच्यामार्फत येतं. सातपूरला नॅबचं (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) महाराष्ट्र युनिट आहे, नाशिकला फेरी झालीच तर तिथेही चौकशी करा. दहावीला जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत मिळते, पण लेखनिक मिळाला की लिहिता येतं असं नाही, सांगून लिहून घेण्याची सवय दोन-तीन वर्षं आधी लागते. शिष्यवृत्ती परीक्षेला बसवणार असाल तर ओएमआरचे ते बारीक गोल भरण्याचा सराव वेगळा करून घ्या. उत्तर येत असून एक ओळ सरकली की पुढचं सगळं चुकतं.

मी वर सांगितलेल्या बाक, फळा, मेज, टोपी यांतल्या कशालाच प्रमाणपत्र लागत नाही. ते येईपर्यंत थांबू नका.

मुख्याध्यापकांना दोन गोष्टी सांगता येतील. सोय नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे सहा ते अठरा वयात जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड मुलाची आणि पालकांची असते, शाळेची नाही. पण नुसता कायदा दाखवून, सर, माणसं दुखावतात, तेव्हा आधी सुताराचं मेज आणि पिवळा पट्टा दाखवा, ‘सोय’ म्हणजे किती खर्च हे त्यांनाही कळेल. माझं स्वतःचं मत विचाराल तर या मुलीला अंधशाळेची गरज नाही. नजर ६/६० च्या बरीच खाली असेल, थोडं वाचून डोकं दुखत असेल, वेग वाढतच नसेल, तर ऐकून शिकण्याची साधनं आणि जोडीला ब्रेलचा विचार करावा लागतो. तेही बहुतेकदा याच शाळेत राहून होतं.

हिच्यानंतरही अशी मुलं तुमच्याकडे येतील, प्रत्येक वेळी वेगळं काही घेऊन. मांडीवर हात टेकत टेकत उभा राहणारा मुलगा दिसला, तर ‘व्यायाम कमी पडतो’ म्हणून उठाबशा काढायला लावू नका. स्नायूंचा क्षय होणाऱ्या आजारात मुलं अशीच उठतात, आणि उठाबशांनी त्या स्नायूंचं नुकसानच होतं. घरी पोपटासारखी बोलणारी आणि शाळेत वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी हट्टी असेलच असं नाही, भीतीने आवाज फुटत नसतो, बक्षीस किंवा शिक्षा लावून तो येत नाही. वर्गातलं विचित्र वागणं दिसलं की मी आधी हेच बघते, की त्यातून मुलाला मिळतंय काय. ते कळेपर्यंत ते मोडायला जात नाही.

तिचा चेहरा कोणत्या बाजूला वळतो, वर्गाच्या खिडक्या फळ्याच्या कोणत्या बाजूला आहेत आणि मुलं बाकावर बसतात की बस्करावर, एवढं कळवा. जमल्यास रिकाम्या वर्गाचा एक फोटो पाठवा, तिचा नको. जागा कुठली ते मी सांगते.